गोलरक्षक, धडक आणि पंचाची शिट्टी

शाळाशाळांमधले फुटबॉलचे सामने तुम्ही पाहत असाल, कदाचित खेळतही असाल. चेंडू गोलाकडे येतो, गोलरक्षक झेप घेतो, समोरून आघाडीचा खेळाडू धावत येतो आणि दोघे एकमेकांवर आदळतात. लगेच दोन्हीकडून आरडाओरडा! ‘त्याचा पाय आधी चेंडूला लागला’ असे एक बाजू म्हणते. ‘गोलकीपरला स्पर्शच करायचा नसतो’ असे दुसरी. माझ्या मते दोघांचेही चुकते, आणि ते का हे कळायला नववीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

आधी नियम पाहू. चेंडू गोलरक्षकाच्या हातांच्या ताब्यात असेल, तर प्रतिस्पर्ध्याने त्याच्याशी झुंजायचे नाही, असे बारावा नियम सांगतो. एका हाताने जमिनीवर दाबून धरलेला चेंडूही ताब्यातलाच. पण अडवताना उसळून दूर गेलेला चेंडू मात्र कोणाचाही. अशा वेळी गोलरक्षकाला वेगळे संरक्षण नाही. गोलापुढच्या लहान चौकटीत तो अस्पर्श असतो ही निव्वळ समजूत आहे. मग पंच पाहतात ते एवढेच, की धडक देणारा निष्काळजी होता, बेपर्वा होता, की त्याने वाजवीपेक्षा जास्त जोर लावला. निष्काळजीपणाला फ्री किक, बेपर्वाईला शिवाय पिवळे कार्ड, अतिरिक्त जोराला लाल. चेंडूला आधी पाय लागला म्हणून यातले काहीच माफ होत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, ५० किलोग्रॅमचा मुलगा सेकंदाला ५ मीटर वेगाने येत आहे. वेग फार नाही. १०० मीटरला २० सेकंद. त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, होते ६२५ ज्यूल. सुमारे सव्वा मीटर उंचीवरून खाली पडल्यावर त्याच्याजवळ एवढीच ऊर्जा असेल. आणि चेंडूवर झेपावलेल्या गोलरक्षकाचे डोके असते नेमके त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर! १४ ऑक्टोबर २००६ रोजी इंग्लंडमध्ये रेडिंगच्या मैदानावर चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक याच्या डोक्यावर असाच गुडघा आदळला आणि कवटीला फ्रॅक्चर झाले. पुढे तो संरक्षक टोपी घालूनच खेळत राहिला. त्या धडकेबद्दल पंचांनी कार्ड दाखवले नव्हते.

‘सर, मला थांबताच आले नाही’ ही सबब आपण नेहमी ऐकतो. ती खोटी नसते! डोळ्यांनी पाहून स्नायू हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. तेवढ्यात आपला खेळाडू १ मीटर पुढे गेलेला असतो. नंतर दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग त्याने कमी केला, तरी आणखी अडीच मीटर लागतात. म्हणजे शेवटच्या मीटरात तो खरोखरच हतबल असतो. पण साडेतीन मीटर आधी नव्हता. तेथे त्याला वेग आवरता आला असता, वळता आले असते, उडी मारून पलीकडे जाण्याची तयारी करता आली असती. हवेत झेपावलेल्या गोलरक्षकाला यातले काहीच शक्य नसते, कारण जमीन सुटल्यावर वाट बदलायला टेकूच उरत नाही. तेव्हा निवाडा धडकेच्या क्षणाचा नको, त्याआधीच्या दोन-तीन पावलांचा हवा.

गोलरक्षकालाही हीच फूटपट्टी. ८ जुलै १९८२ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर उडी घेऊन आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले, आणि पंचांनी दिली गोल किक!

मुलांच्या सामन्यांत पंचांनी अधिक कडक असावे असे मला वाटते. तेरा-चौदाव्या वर्षी एक मुलगा ६० किलोंचा, तर दुसरा ३५ चा असू शकतो. मोठा ५ मीटर वेगाने येऊन स्थिर असलेल्या लहानावर आदळला आणि दोघे एकत्र सरकले, तर संवेग अक्षय्यतेनुसार मोठ्याचा वेग १.८ मीटरने बदलतो, लहानाचा ३.२ मीटरने. मात्र जर्सीला जर्सी घासली की शिट्टी फुंकणारे पंचही नकोत. त्याने गोलरक्षक फक्त लोळण घ्यायला शिकतात.

आपल्याकडे हे सामने बहुधा पावसाळ्यात होतात. ओल्या मैदानावर घर्षण निम्मे झाले, तर अडीच मीटरचे पाच होतात. तुमच्या मैदानावर किती होतात, ते टेप घेऊन कोरड्या आणि ओल्या दिवशी मोजा, आणि ते आकडे खेळाच्या सरांना दाखवा.