जुनें तें सोनें. पण कोणतें जुनें?

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या वऱ्हाडांत जितकी तोंडांत आहे, तितकीच आचरणांतही आहे. आजोबांचा अडकित्ता, आजीचें जातें, वडिलांची सायकल हीं टाकून देणें आपल्या जिवावर येतें. आणि ही काटकसर सद्गुणच होय. परंतु विचारावांचून पाळलेला सद्गुण पुष्कळदां दोषाचें रूप घेतो. कारखान्यांतून, कचेऱ्यांतून व दुकानांतून जे फार जुने संगणक अद्यापि काम करीत आहेत, त्यांच्याविषयीं आपलें धोरण असेंच झालें आहे काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं कापसाच्या हंगामांत एका नातलगाबरोबर अकोल्याच्या बाजूस एका जिनिंगमध्यें जाण्याचा प्रसंग आला. वजनकाट्याच्या खोलींत धुळीनें माखलेला एक संगणक होता व त्याच्या पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळें आकाश यांचें परिचित चित्र झळकत होतें. ती विंडोज एक्सपी नांवाची कार्यप्रणाली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या सर्व अवयवांकडून काम करवून घेणारा कारभारी. ही प्रणाली २००१ सालीं निघाली आणि ८ एप्रिल २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तिची नेहमींची दुरुस्ती थांबविली. मीं तसें मुनिमांस सांगितलें. ते हंसून म्हणाले, “मास्तर, चालून रायलं ना? मंग कायले हात लावाचा?”

त्या वेळीं माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पुढील हंगामांत तें मिळालें. कोणीं तरी गाणीं ऐकण्याकरितां एक पेन ड्राइव्ह त्या संगणकास जोडला, आणि त्याबरोबर आलेल्या उपद्रवी प्रोग्रामनें सर्व नोंदी वाचतां न येण्याजोग्या करून टाकल्या. काट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागली. ज्या कास्तकारांनीं वजनाच्या चिठ्ठ्या जपून ठेविल्या होत्या, त्यांचें निभावलें. एका म्हाताऱ्या गृहस्थाची चिठ्ठी मात्र धुण्यांत गेली होती. त्याच्या चुकाऱ्याचा निकाल लागावयास कित्येक दिवस लागले. चूक संगणक सांभाळणाराची, हेलपाटे कास्तकाराचे!

तथापि मुनिमांस मूर्ख म्हणणें अन्यायाचें होईल. कारखान्यांतील यंत्र वीस-पंचवीस वर्षें चालावें म्हणून घेतलेलें असतें. त्यास चालविणाऱ्या कार्यप्रणालीचें आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचें. नवी प्रणाली घातली तर जुना प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीं. प्रोग्राम करणारी मंडळी कधीं धंदा सोडून गेलेली असतात, कधीं सर्वच सामान नवें घ्या म्हणतात. ऐन हंगामांत काटा बंद ठेवून हा प्रयोग करण्याचें धैर्य कोणास होईल?

शिवाय, जुनी वस्तू उत्तम चालूं शकते याची साक्ष आपल्याच मुलखांत आहे. यवतमाळहून मूर्तिजापुरावरून अचलपुरास जाणारी ‘शकुंतला’ पालकांना आठवत असेल. तिचें वाफेचें इंजिन मँचेस्टर येथें १९२१ सालीं बनलें, १९२३ सालीं कामास लागलें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें. सत्तर वर्षांची ही चाकरी कशामुळें घडली? त्या इंजिनाचा प्रत्येक भाग डोळ्यांस दिसत असे, हातास लागत असे. बिघाड कोठें आहे तें कारागिरास कळे. झिजलेला भाग घासून, ठोकून किंवा नवा घडवून बसवितां येई. इंजिन म्हातारें झालें, पण अनाथ झालें नाहीं.

जुन्या कार्यप्रणालीची स्थिति याच्या अगदीं उलट. ती वस्तुतः झिजत नाहीं; पहिल्या दिवसाप्रमाणेंच आजही चालते. पण तिच्यांतील नवीं नवीं छिद्रें दुष्टांस सांपडत जातात, आणि तीं बुजविण्याची किल्ली एकट्या निर्मात्या कंपनीच्या हातीं असते. कंपनीनें हात काढून घेतला कीं मुनीम, मालक व गांवचा हुशार कारागीर हे सर्व सारखेच असहाय. म्हणून वस्तु किती जुनी आहे हा प्रश्न गौण. तिची दुरुस्ती करणारा कोणी उरला आहे काय, हा खरा प्रश्न होय.

जगाचा अनुभवही हेंच सांगतो. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रवी प्रोग्राम दीडशेंहून अधिक देशांत पसरला. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांत हजारों रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती. बाधित संगणकांपैकीं बहुतेकांवर एक्सपी नव्हे, तर त्या वेळीं दुरुस्ती मिळत असलेली विंडोज ७ ही प्रणाली होती! म्हणजे औषध दारांत आलें असतां घेतलें नाहीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत ‘नॉटपेट्या’नें जगभर अनर्थ केला, तेव्हां आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलाचें काम थांबलें. २०१८ सालीं रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस आज्ञा केली कीं, एटीएम यंत्रांवरील कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्यानें बदलाव्या. ज्या यंत्रावर दुसऱ्याचा पैसा विसंबून आहे, तें कसें राखावें हा केवळ मालकाच्या मर्जीचा विषय नव्हे, हेंच तत्त्व त्या आज्ञेच्या मुळाशीं आहे.

मग करावें काय? प्रत्येकानें लागलीच नवा संगणक घ्यावा, असें मी म्हणत नाहीं. गरिबाच्या संसारांत तें शक्य नाहीं. जुन्या यंत्रावांचून गत्यंतर नसेल तर तें इंटरनेटपासून अलग ठेवावें, त्यास परका पेन ड्राइव्ह लावूं देऊं नये, आणि नोंदींची एक प्रत रोज निराळ्या जागीं काढून ठेवावी. जेथें दुरुस्ती मिळत आहे तेथें ती वेळच्या वेळीं घ्यावी. चोरून उतरविलेली प्रणाली वापरूं नये; ती चोरी तर आहेच, शिवाय अशा प्रतींना दुरुस्ती पुष्कळदां मिळत नाहीं. नवें यंत्र घेतांना किमतीबरोबरच ‘किती वर्षें दुरुस्ती द्याल?’ हेंही विक्रेत्यास विचारावें. विंडोज १० हिची सर्वसाधारण दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली आहे. तेव्हां हा प्रश्न कित्येक घरांच्या उंबऱ्याशीं येऊन ठेपला आहे.

विद्यार्थ्यांस माझें विशेष सांगणें आहे. लिनक्ससारख्या खुल्या प्रणालींचा अभ्यास करा. त्यांचें अंतरंग कोणासही पाहतां येतें व सुधारतां येतें. केरळांतील शासकीय शाळांनीं असाच मार्ग धरिला आहे. शकुंतलेच्या कारागिराची विद्या लोखंडाची होती, तुमची अक्षरांची असेल. पण वस्तु उघडून पाहण्याची व दुरुस्त करण्याची वृत्ति एकच.

शुभवर्तमानांतील रुपयांच्या दृष्टांतांत ज्या चाकरानें धन्याचा पैसा जमिनींत पुरून ठेविला, त्यानें तो गमावला नव्हता, कीं खाल्ला नव्हता. होता तसाच परत केला. तरीही त्यास दोष लागला. होतें तसें चालूं देणें म्हणजे सांभाळणें नव्हे. त्या म्हाताऱ्या कास्तकाराची हरवलेली चिठ्ठी मला आठवते, तेव्हां वाटतें, “चालून रायलं ना?” याचें उत्तर एवढेंच: “होय, चालत आहे, पण याची काळजी कोण घेत आहे?”