टीव्ही दुरुस्त करायचा की फेकायचा, हे ठरवतंय कोण?

"एवढ्या पैशांत नवाच येईल की साहेब!"

बंद पडलेला टीव्ही घेऊन आपल्या शहरात कुठंही जा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. सांगणारा माणूस वाईट नसतो, त्याला तसंच शिकवलेलं असतं. पण या वाक्यामागचा हिशेब आपण कधी मागत नाही. आज तो मांडतो. पोस्ट लांब आहे, पण पुढच्या सेलमध्ये टीव्ही घ्यायच्या आधी एकदा वाचाच.

आधी माझ्या घरचं उदाहरण देतो. ४३ इंची टीव्ही, सात वर्षं झालेली. एके दिवशी आवाज चालू, पण चित्र गायब. कंपनीचा माणूस आला, व्हिजिटचे पैसे घेतले आणि सांगून गेला, "पॅनल बदलावं लागेल. १९ हजार." तसाच नवा टीव्ही २७ हजारांना मिळत होता. घरात दोन मिनिटांत ठराव पास झाला, नवा घ्यायचा.

मी तो टीव्ही जुन्या शहरातल्या एका उस्तादाकडं नेला. त्यानं टीव्ही चालू केला, दुकानातले दिवे बंद केले आणि मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरपा धरला. अंधाऱ्या पडद्यावर बातम्या देणारी बाई अंधुक दिसली. "पॅनल तो सही है साहब, सिर्फ पट्टियां गई," असं म्हणाला. संध्याकाळी टीव्ही घरी. खर्च २,४०० रुपये, तीन महिन्यांची गॅरंटी.

आता कंपनीचा माणूस खोटं बोलला का? तर नाही. खरा मुद्दा इथंच आहे.

एलईडी टीव्हीची काच स्वतः उजेड देत नाही. तिच्या मागं छोट्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड काचेतून येतो तेव्हा चित्र दिसतं. हे दिवे माळेसारखे जोडलेले असतात. एक गेला की अख्खी ओळ विझते, बऱ्याच मॉडेलमध्ये तर सगळा पडदाच काळा होतो. काच मात्र ठणठणीत असते. पट्टी शेकड्यांत मिळते आणि काच टीव्हीमधला सगळ्यात महाग भाग आहे. कंपनीच्या माणसाला पट्टी मिळतच नाही. त्याला मिळतं ते काच, पट्ट्या, पत्रा असं सगळं एकत्र असलेलं पूर्ण पॅनल. तो तेच सांगणार. बल्ब गेला म्हणून भिंतीसकट बदलायला लावण्यातला हा प्रकार आहे.

म्हणजे "दुरुस्ती परवडत नाही" ही काही निसर्गाची करणी नाही. पार्ट कसा विकायचा, किती मोठा तुकडा करून विकायचा, किती वर्षं विकायचा, हे कंपनी ठरवते. दुरुस्तीची किंमत तीच ठरवते आणि नव्या टीव्हीची किंमतही तीच ठरवते. मग या दोन आकड्यांत "निवड" करायला आपल्याला सांगतात. ही कसली निवड?

आणि हे घडतंय कुठं? ज्या शहरानं देशाला टीव्ही बनवून दिले त्या शहरात! पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, हे आज कॉलेजात जाणाऱ्या पोरांना सांगावं लागतं. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत तिथल्या पगारावर चुली पेटल्या. सर्किट बोर्ड हातात धरून नेमकं काय गेलंय ते सांगणारी माणसं या शहरात अशीच तयार झाली.

त्या कंपनीचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आकडे पुन्हा बघा. २००५ मध्ये तिनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तेही जग पिक्चर ट्यूब सोडून फ्लॅट टीव्हीकडं निघालं असताना. नंतर तेल, टेलिकॉम, कर्ज. जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जून २०२१ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठानं समूहातल्या १३ कंपन्यांसाठी वेदांता समूहातल्या ट्विन स्टारची सुमारे २,९६२ कोटींची बोली मंजूर केली. मान्य झालेले दावे होते सुमारे ६४,८३८ कोटींचे. शंभर रुपयांमागं पाच रुपयेसुद्धा नाहीत! बोली लावणारा जवळपास काहीच देत नाही, असं खुद्द न्यायाधिकरणानं आदेशात नोंदवलं. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती मंजुरी रद्द करून प्रकरण परत कर्जदात्यांच्या समितीकडं पाठवलं.

बँकांचं काय, बोली लावणाऱ्याचं काय, प्रवर्तकांचं काय, यावर पानंच्या पानं छापून आली. ज्याच्या घरात त्या कंपनीचा टीव्ही आहे त्याला उद्या पार्ट कोण देणार, हा प्रश्न मी तरी कुठल्या चर्चेत ऐकला नाही. कंपनी बुडाली की ग्राहकाची जबाबदारीही बुडाली, असं आपण गृहीतच धरलंय.

याच शहराचं दुसरं उदाहरण बघा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला. बजाजची जुनी स्कूटर आजही गावोगावी चालते, कारण तिचा पार्ट बाजारात मिळतो आणि ती खोलायला कंपनीची परवानगी लागत नाही. प्लग जळाला म्हणून कुणी तुम्हाला इंजिन बदलायला सांगत नाही. मग हाच न्याय टीव्हीला का नाही?

आता कायद्याकडं येऊ. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम आहे. टीव्हीचं एखादं मॉडेल बाजारातून गेल्यावरही कंपनीनं किमान ७ वर्षं ठरावीक सुटे भाग पुरवायचे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये दुकानातल्या टीव्हीवर, तो दुरुस्त करायला किती सोपा, याचे १० पैकी गुण लिहायची सक्ती सुरू झाली. गिऱ्हाईक किमतीसोबत गुणही बघतं.

आपल्याकडं? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी त्यावर माहिती टाकावी, अशी अपेक्षा. अपेक्षा, सक्ती नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी आणखी एक समिती, मे २०२५ मध्ये तिचा अहवाल. सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करायची. टीव्हीचा नंबर कधी लागणार?

त्याच २०२५ मध्ये एक गोष्ट मात्र झटपट झाली. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण टीव्ही दुरुस्तीच्या सेवेवर आधीही १८ टक्के होता, आताही १८ टक्केच आहे. नवं घेणाऱ्याला दहा टक्क्यांची सूट आणि जुनं जपणाऱ्याला शून्य. सरकारनं कुणाच्या बाजूनं कौल दिला ते तुम्हीच सांगा.

आणखी एक गंमत. आपल्या विद्यापीठाच्या आवारात नायलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे, जुने लोक तिला सीईडीटीआय म्हणून ओळखतात. तिथल्या डिप्लोमाचं नावच 'इलेक्ट्रॉनिक्स प्रॉडक्शन अँड मेंटेनन्स'. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. म्हणजे सरकार आपल्याच पैशातून पोरांना दुरुस्ती शिकवतं आणि बाहेर पडल्यावर कंपन्या त्याच पोरांना ना सर्किटचा नकाशा देत, ना पार्ट. मग ते पोरगं डिलिव्हरीच्या गाडीवर दिसतं, आणि आपण म्हणतो, मराठवाड्यात स्किल नाही!

आता काही जण कमेंटमध्ये काय लिहिणार ते माहीत आहे. त्याची उत्तरं आधीच देतो.

"टीव्ही एवढे स्वस्त झालेत, कशाला जुन्याला कवटाळता?" स्वस्त कुणाला? महिना १५ हजारांवर कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्याला २७ हजारांचा टीव्ही म्हणजे दोन महिन्यांची कमाई. तो ईएमआयवर घेतो. पहिल्या टीव्हीचे हप्ते फिटून वर्ष होत नाही तोवर पट्टी जाते.

"मेकॅनिक फसवतात." काही फसवतात, खरंय. जुना पार्ट टाकतात, बिल देत नाहीत. म्हणून पार्टचा बाजार उघडा पाहिजे. अस्सल पार्ट छापील किमतीला मिळाला तर फसवायला जागाच किती उरते?

"प्रत्येक जुना टीव्ही वाचवायचा का?" अजिबात नाही. माझं म्हणणं तसं नाहीच. सरळ हिशेब असा:

१) आवाज येतो, चित्र नाही. टॉर्च मारून अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइटची पट्टी. दुरुस्त करा.

२) टीव्ही अजिबात चालूच होत नाही. बहुतेक वेळा पॉवर सप्लाय. लाइट वरखाली झाली की कपॅसिटर फुगतात. आधी दाखवा, मग ठरवा.

३) स्मार्ट टीव्हीवर नवे ॲप चालत नाहीत. टीव्ही बिघडलेला नाही. दोन-तीन हजारांची स्टिक लावा.

४) काच फुटली, पाणी गेलं, किंवा पडद्यावर उभ्या रेघा कायमच्या आल्या. बहुतेक वेळा पॅनलचं काम. खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर सोडून द्या.

५) जुना डबा टीव्ही. पार्ट मिळत नाहीत, वीजही जास्त खातो. भावना बाजूला ठेवा आणि निरोप द्या. पण भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्या काचेत शिसं असतं, आणि तांब्यासाठी ती फोडणाऱ्याच्या अंगात ते जातं. त्यातली वीज स्विच बंद केल्यावरही राहते, म्हणून घरी खोलू तर नकाच.

दुरुस्तीला देताना तीन गोष्टी मागा: कागदावर लिहिलेला खर्च, बदललेला जुना पार्ट आणि किमान तीन महिन्यांची गॅरंटी. कंपनी "पार्ट मिळत नाही" म्हणाली तर तेही लेखी मागा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एकानं केली तर कुणी विचारणार नाही. एका शहरातून शेकड्यानं गेल्या तर फाइल हलते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. टीव्ही विकतानाच खोक्यावर छापा की पार्ट किती वर्षं मिळणार आणि पॅनल, बोर्ड, बॅकलाइट यांची वेगवेगळी किंमत काय. पार्ट उघड्या बाजारात कुठल्याही मेकॅनिकला मिळाला पाहिजे. दुरुस्तीवरचा जीएसटी नव्या टीव्हीपेक्षा कमी करा. पोर्टलवरची अपेक्षा सोडा, कायदा करा. कंपनी दिवाळखोरीत गेली तर पार्ट कोण पुरवणार, हे तिच्या विक्रीच्या अटीतच लिहा. आणि आपल्या महापालिकेनं वॉर्डावॉर्डात ठरलेल्या दिवशी ई-कचरा गोळा करावा.

आपले खासदार, आमदार इथं नवे कारखाने आणायचं बोलतात. आणा की, कोण नको म्हणतंय? पण चितेगाव पाहिलेल्या शहरानं एक प्रश्न विचारायलाच पाहिजे: जी वस्तू बनवाल, ती सात वर्षांनी दुरुस्त करायची सोय ठेवणार आहात का? आपल्या एकाही लोकप्रतिनिधीनं हा प्रश्न सभागृहात विचारला तर मी त्याच्या नावानं वेगळी पोस्ट लिहीन.

तोवर एवढं करा. कमेंटमध्ये लिहा: तुमचा टीव्ही किती वर्षांनी बंद पडला, कंपनीनं किती सांगितले, बाहेर किती लागले. बिलाचा फोटो असेल तर टाका, नाव-नंबर झाकून. शंभर बिलं जमली की मी ती ग्राहक व्यवहार विभागाला पाठवतो आणि काय उत्तर येतं ते इथंच सांगतो.