टिकलीवाचून पिस्तूल

दिवाळीच्या अंकात बंदुकांची गोष्ट काढतो आहे, याबद्दल वाचकांनी, विशेषतः भगिनीवर्गाने, क्षमा करावी. पण अपराध माझा नव्हे, आमच्या धाकट्या चिरंजीवांचा आहे.

गेल्या दिवाळीत त्यांनी मामाकडून शहरातले पिस्तूल मागवले. आमच्या जामनेरात मिळते तसले नव्हे. चांगले आठ बारांचे, चकतीच्या टिकल्यांचे! चकत्या वसुबारसेलाच संपल्या. साऱ्या बाजारपेठेत हिंडलो. जो तो दुकानदार टिकल्यांची गुंडाळी पुढे करी आणि ती काही त्या पिस्तुलात बसेना. शेजारचा पोरगा आपले साधे पत्र्याचे पिस्तूल भाऊबीजेपर्यंत वाजवत होता, आणि आमचे चिरंजीव तोंडाने ‘ठो’ म्हणत होते.

त्या ‘ठो’वरूनच मला आमच्या पारावरच्या विद्वानांशी भांडायचे आहे. त्यांचा सिद्धांत ठरलेला. “मास्तर, आपल्याकडे सारे होते. सतरा नळ्यांची तोफसुद्धा होती. पण कुणीतरी ती विद्या दडपली!”

तोफ होती, हे मान्य. ‘ऐन-ए-अकबरी’त एकाच बत्तीने सतरा नळ्या उडवणाऱ्या तोफेचे वर्णन आहे. एका जनावराने चाक फिरवून सोळा बंदुकांच्या नळ्या एकदम साफ करण्याचे यंत्रही त्यात आहे. या कल्पनांचे श्रेय फतहुल्ला शिराझी या पंडिताला देतात. विजापूरच्या आदिलशाही दरबारातून तो १५८३ साली अकबराकडे गेला. म्हणजे बुद्धी आपल्या अंगणातून गेली म्हणा ना! पण बाबांनो, एका बत्तीत सतरा बार उडाले, पुढे काय? सतराही नळ्या पुन्हा एकेक करून ठासायच्या. तोवर शत्रू काय पानसुपारी खात बसणार? असली तोफ दडपायला कपटी गोरा कशाला हवा?

आणि गोऱ्यांच्या घरी तरी काय निराळे घडले? लंडनच्या जेम्स पकलने १७१८ साली फिरत्या कोठ्यांच्या बंदुकीचे पेटंट घेतले. ख्रिस्ती शत्रूसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी! १७२२ साली भर पावसात तिने सात मिनिटांत ६३ बार काढून दाखवले. तरी गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्दोनीची हवेची बंदूक खरोखरच घेतली. धूर नाही, दारू नाही, वीसएक गोळ्या एकामागून एक. पण दस्त्यातली हवेची टाकी भरायला पंप सुमारे पंधराशे वेळा मारायचा! टाकी गळू लागली की गावचा लोहार काय करणार? १८१५ च्या सुमारास ती मोडीतच निघाली.

हे झाले जुने. आपल्या पुण्याचेच घ्या. तिथल्या शस्त्रसंशोधन संस्थेने आखूड काडतुसाची कार्बाइन बनवली. काडतूस ५.५६ बाय ३० मिलिमीटरचे, निराळेच. ते बनते खडकीच्या कारखान्यात. डिसेंबर २०२० मध्ये सैन्याच्या अंतिम चाचणीत ती उतरली. पोलीस दलांनी तिला जवळही केले. पण २०२२ साली सैन्यासाठी सुमारे सव्वाचार लाख कार्बाइनींची निविदा निघाली, ती ४५ मिलिमीटरच्या काडतुसाची. म्हणजे सैन्याच्या रायफलींत आधीच चालणाऱ्या काडतुसाची. कार्बाइन वाईट होती असे नव्हे. टिकली निराळी होती!

आमच्याच जळगाव जिल्ह्यात, भुसावळच्या पुढे, वरणगावला १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे होतात. तिथे मोठे कसब कशाचे? एक काडतूस दुसऱ्यासारखे हुबेहूब उतरवण्याचे. पण त्या कसबाच्या धन्याला आपण कधी हार घातला आहे? हार घालायचा तो संशोधकाला, आणि त्याचे चालले नाही की दोष परकीयांच्या कपटाला. ‘आमची बुद्धी चोरली’ म्हणताना मान ताठ राहते. ‘आम्हाला सारखे दोन नट करता आले नाहीत’ म्हणायला जीभ रेटत नाही.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतो आहे, तेही सांगून टाकतो. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. एका मुलाने तीन दिशांना एकदम मारा करणारी लाकडी बंदूक आणली होती. तिला मी पहिला क्रमांक दिला. शेजारी लेथवाल्याचा पोरगा बारा बोल्ट आणि बारा नट मांडून बसला होता. “सर, कोणताबी नट कोणत्याबी बोल्टाला लावून पाहा,” म्हणाला. मी म्हटले, “अरे, यात नवीन काय?”

१७८५ साली पॅरिसात ओनोरे ब्लां नावाच्या कारागिराने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग असेच पुढे मांडले होते. थॉमस जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून चाप जुळवले आणि थक्क होऊन मायदेशी तसे पत्र लिहिले. ते मी पुढे वाचले, तेव्हा मला घाम फुटला. जेफरसनने नट लावून पाहिला असता. मी पाहिला नाही.

नवे काही करूच नये, असे माझे म्हणणे नाही. तीन दिशांची बंदूक करणाऱ्या पोराचे कौतुक जरूर करा. पण त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, तिकडेही एकदा बघा. त्याला ‘यात नवीन काय’ म्हणून उठवलेत, तर सतराच काय, सतराशे नळ्यांची तोफ काढा. शेवटी तोंडानेच ‘ठो’ म्हणावे लागेल.