मन लागत नाही, की शरीर नको म्हणतंय?

हिवाळी मॅरेथॉनसाठी नाव नोंदवताना सगळ्यांनाच हुरूप असतो. दिवाळी होते, गारठा वाढतो, पहाटे रजई सोडवत नाही. मग ओपीडीत प्रश्न येतो, "डॉक्टर, सरावात मन लागत नाही, काय करू?"

अशा वेळी आमच्या बारामती-इंदापूर भागात लता भगवान करे यांचे उदाहरण हमखास दिले जाते. साठी ओलांडलेल्या लताबाई पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात जिंकल्या. पुढे त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण सरकारी रुग्णालयात उमेदीची वर्षे घालवलेला डॉक्टर म्हणून ही गोष्ट निव्वळ 'प्रेरणा' म्हणून सांगताना जीभ अडखळते. तपासणीच्या खर्चासाठी आजीला धावावे लागते, यात आम्हा आरोग्यव्यवस्थेतल्या लोकांची लाज आहे. तुमच्यावर तशी वेळ नाही, हे भाग्य समजा. म्हणूनच त्यांच्या गोष्टीवर तुमचा सराव टिकणार नाही. तुमचे कारण तुम्हालाच शोधावे लागेल, आणि ते साधे, रोजचे असावे. रक्तातली साखर आटोक्यात राहावी, जिना चढताना दम लागू नये, एवढेही पुरे.

रोज टिकायचे कसे, हे वारकऱ्यांकडून शिकावे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्याच दारावरून जाते. 'आज चालावेसे वाटते का?' असे वारकरी रोज पहाटे स्वतःला विचारत बसत नाही. दिंडी निघते, म्हणून पाय निघतात. तुम्हीही दोघे-तिघे सोबती जमवा, वेळ ठरवा. कंटाळा आला तर दहाच मिनिटे धावायचे ठरवून बाहेर पडा. बहुतेक दिवशी पुढचे आपोआप होते.

मात्र प्रत्येक कंटाळा म्हणजे आळस नव्हे. आठ-पंधरा दिवस थकवा जात नसेल, झोप उडाली असेल, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जलद लागत असेल, तर सराव अति होत असावा. चार दिवस विश्रांती घ्या. तरीही बरे वाटले नाही, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. बायकांनी तर हे टाळूच नये. रक्त कमी असताना 'मनाची ताकद वाढव' असा सल्ला देणे हा अन्याय आहे.

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. म्हणून आधी दहा मिनिटे भरभर चाला, मग धावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सरावाआधी डॉक्टरांना भेटावे. धावताना छातीत दडपण आले, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. 'अजून एकच किलोमीटर' नको. आणि हा उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम आहे, अंधारात मोठ्या रस्त्यावर धावू नका. पाचट पेटले असेल, त्या दिवशी घरातच व्यायाम करा.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. यंदा जमली नाही तर पुढच्या हिवाळ्यात. तोवर रोज पहाटे घराबाहेर पडण्याची सवय लागली, तरी एक डॉक्टर म्हणून मी तुम्हाला जिंकलेच म्हणेन.