कुलूप शाबूत होते!

चवथ आली की आम्ही गोंयकार शहरातले बिऱ्हाड बंद करून मूळ घरी जातो. काही वर्षांमागे असेच पाच दिवसांसाठी म्हापशाचा फ्लॅट बंद करून गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा सात लिव्हरचे आमचे भक्कम कुलूप अगदी शाबूत होते. फक्त ते दाराला नव्हते, कोयंड्यासकट जमिनीवर पडले होते! बायकोच्या पाटल्या गेल्या, त्या आजतागायत मिळालेल्या नाहीत.

दार दुरुस्तीला आलेला मेस्त म्हणाला, "बाब, कुलपाला इतके पैसे घातलेत, चौकटीला काय घातलंत?" मी एक साधा कारकून, बी.ए. मराठी. पण हा प्रश्न मला बरेच काही शिकवून गेला.

लिव्हरच्या कुलपात किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली तरच कुलूप उघडते. म्हणून लिव्हर जितके जास्त तितके ते खोट्या किल्लीने उघडणे कठीण. पण चोर किल्ल्या करत बसतो कशाला? तो पहार घालतो. बुटक्या स्क्रूंवरचा कोयंडा, वाळवीने पोखरलेली चौकट, आतून पोकळ असलेले स्वस्त दार, यातले जे कमकुवत तेच तो निवडतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पैसे आधी चौकटीला आणि भरीव लाकडाच्या दाराला घालावेत, कुलपाला नंतर. चौकट लांब स्क्रूंनी थेट चिऱ्यांच्या भिंतीत धरावी. कोयंडा आरपार बोल्टाने बसवून नट आतून आवळावेत. आणि मागचे दार विसरू नये!

आमच्या जुन्या घरांत हे शहाणपण होते, असे आपण अभिमानाने सांगतो. फणसाचे जाड दार, त्यामागे भिंतीच्या खोबणीत जाणारा लाकडी अडसर. खरे आहे. पण वाचकहो, अडसर आतूनच घालता येतो! म्हणजे घरात सदैव कुणीतरी असायचे, हे त्या व्यवस्थेत गृहीत होते. आज नवरा-बायको कामावर, मुले पुण्याला किंवा परदेशी. आपण दार बाहेरून बंद करतो आणि बाहेर लोंबणारे कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहते की आत कोणी नाही. म्हणून दाराच्या जाडीत बसवलेले, बाहेरून केवळ किल्लीचे भोक दिसणारे कुलूप मला अधिक योग्य वाटते.

चोरीनंतर मी गावच्या घरालाही सगळीकडून लोखंडी ग्रील मारायला निघालो. आई म्हणाली, "घराची बंदखण करूं नाका रे!" तेव्हा मला राग आला. पण रात्री विचार केला, आग लागली तर एकटी म्हातारी बाहेर पडणार कुठून? शेवटी एका खिडकीचे ग्रील उघडणारे केले, त्याची किल्ली आतल्या बाजूला, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगली. समोरच्या दारालाही आतून किल्लीशिवाय उघडणारे कुलूप बसवले. चोर बाहेर राहावा, पण आपण आत अडकू नये.

आणखी एक, ऑफिसातले. रेकॉर्ड रूमची किल्ली कोणी, केव्हा नेली याची आम्ही नोंद ठेवतो. घरच्या किल्ल्यांची ठेवतो का? एक कामवालीकडे, एक कधीतरी रंगाऱ्याला दिलेली, एक तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात. जुना फ्लॅट घेणाऱ्यांनी तर पहिल्याच दिवशी कुलूप बदलावे, आधीच्या मालकाने किती किल्ल्या केल्या होत्या कोण जाणे.

हे सगळे करूनही घर अभेद्य होत नाही. चांगले दार फक्त वेळ काढते. त्या वेळात आवाज ऐकून दिवा लावणारा कोणीतरी शेजारी हवा. आमच्या बिल्डिंगेत तर चवथीला सगळेच मजले रिकामे. आता आम्ही ठरवून घेतले आहे, समोरच्या फ्लॅटमधले कुटुंब ख्रिस्ती आहे, चवथीला ते आमच्या दाराकडे बघतात. नाताळात ते मडगावला जातात, तेव्हा त्यांचे दार आमच्यावर. नेवऱ्यांचा डबा मात्र दोन्ही वेळा ये-जा करतो.