तीन तटांचे मर्म

असीरगडाच्या छायेत वाढलेल्या आम्हां बऱ्हाणपूरकरांना बचावाचे मर्म ठाऊक आहे. एकामागे एक असे तीन तट हवेत. जून २०२३ मध्ये भुवनेश्वर येथे भारतीय फुटबॉल संघाने आंतरखंडीय चषक जिंकला, तो ४ सामन्यांत एकही गोल न स्वीकारता. त्याचे श्रेय केवळ संदेश झिंगन व अन्वर अली या बचावपटूंना देणे आम्हांस उचित वाटत नाही. चेंडू गमावताच आघाडीचे छेत्री, छांगटे प्रतिस्पर्ध्यास भिडत. तो पहिला तट. मधली फळी दुसरा. पुढे सॅफ स्पर्धेत कुवेतविरुद्ध स्वयंगोल झाला. तरी संघ विस्कटला नाही, तीही स्पर्धा त्याने जिंकली. असीरगड मात्र १६०१ मध्ये फितुरीने पडला, असे परंपरा सांगते. तट दगडांचा असो वा माणसांचा, तो आतल्या विश्वासावरच उभा राहतो.