सातबाऱ्यावर नसलेले नाव

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत दरवर्षी आपण आपल्या मुलामुलींच्या पदव्या, पदे आणि पुरस्कार अभिमानाने छापतो. ते योग्यच आहे. लंडनला आलेल्या प्रत्येक पाहुण्यास आपण किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे निवासस्थान आवर्जून दाखवितो, तेही योग्यच. परंतु ज्या शेतकरी मातांच्या कष्टावर आपण इथवर आलो, त्यांचे नाव या स्मरणिकेत तर नसतेच. गावच्या सातबाऱ्यावरही बहुधा नसते. हा प्रश्न यंदा आम्ही आमच्या घरापासूनच मांडतो आहोत.

आमची आई 2022 साली गेली. तिची जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नव्हती. महाडचा सत्याग्रह झाला त्या साली आपला जन्म, असे ती सांगे. म्हणजे 1927. त्या हिशेबाने तिला पंच्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले, आणि त्यातील निदान सत्तर वर्षे तिने शेतात काढली.

सातारा जिल्ह्यातील माण हा पर्जन्यछायेतील दुष्काळी तालुका. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती तेथे आली, तेव्हा घरची जमीन महार वतनाची होती. म्हणजे गावकीच्या राबणुकीच्या बदल्यातली. पुरुष येसकरकीच्या पाळीवर, आणि बाजरी, हुलगा, मटकीच्या पेरणीपासून खळ्यापर्यंतचे सारे काम बाईच्या अंगावर. हे वतन म्हणजे गुलामगिरीची साखळी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने गेली ती 1958 च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. जमीन आपल्याकडे राखायची तर कब्जेहक्काची रक्कम भरणे भाग होते. ती भरताना आईचे डोरले मोडले. उताऱ्यावर नाव मात्र वडिलांचे लागले.

1972 च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला आणि आई खडी फोडायला गेली. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून ती आमच्यासाठी आणी. त्याच खडीवर आमचे शिक्षण झाले असे आम्ही म्हणतो, त्यात अलंकार नाही. थोरला भाऊ शेतात राहिला म्हणून आम्हा दोघा धाकट्या भावांना शिकता आले. पुढे आम्ही इंग्लंडला आलो. थोरला भाऊ 2009 साली वारला आणि शेत आमच्या वहिनीच्या हाती आले. आईला अखेरपर्यंत तिनेच सांभाळले.

आई गेल्यावर वारसनोंदीचा विषय निघाला. भावकीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी फोनवर सल्ला दिला, "बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्या, वहिनींचं बघता येईल. तुम्हा दोघांची नावं राहिली की पुढं विकायलाही सोपं." सल्ला मायेने दिलेला होता, आणि घरोघरची रीतही हीच आहे. पण तो ऐकून आम्ही खजील झालो. ज्यांनी चाळीस वर्षांत त्या मातीला हात लावला नाही त्यांची नावे राहावीत, आणि जिच्या तळहाताला आजही घट्टे आहेत तिचे "बघता येईल"!

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे निव्वळ क्षेत्रफळावरून ठरत नाही, तिच्यात श्रम आणि भांडवल किती पडते यावर ठरते, हा त्यातील एक मुख्य विचार. या मापाने मोजू गेल्यास आमचा वाटा किती भरेल? श्रम शून्य, आणि भांडवल म्हणजे दिवाळीला पाठविलेले चार पैसे.

काही बांधव विचारतील, इतक्या संघर्षाने मिळालेला जमिनीचा हक्क सोडणे हा बाबासाहेबांच्या कार्याचा अवमान नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तरही बाबासाहेबांच्याच कार्यात सापडते. 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि 1938 च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कसणारा एक आणि धनी दुसरा, या व्यवस्थेविरुद्ध तो लढा होता. मग इंग्लंडात बसून गावच्या शेतातील वाटा राखणारे आम्ही खोतांहून वेगळे ते कोणते?

म्हणून आम्ही दोघा भावांनी आपले हक्क वहिनीच्या नावे सोडण्याचे ठरविले. बहिणीकडून काहीही लिहून घेतले नाही. तिचा वाटा हा तिचा अधिकार आहे. त्याचे काय करायचे ते ती ठरवील. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली केली. तरीही हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी बोलावणे येते ते बहिणीलाच. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार भारतातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 14 टक्के आहे. शेतात राबणाऱ्या स्त्रिया किती असतात हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

या मंडळाच्या प्रत्येक सभासदास आमची विनंती आहे की, आपल्या गावच्या जमिनीचा उतारा एकदा काढून पाहावा. तो आता घरबसल्या संगणकावर पाहता येतो. त्यावर आपले नाव असेल आणि शेत भावजय, बहीण किंवा चुलती कसत असेल, तर आपण मनाशी विचार करावा. वतनी जमिनीच्या हस्तांतरावर शर्ती असतात. त्यांची चौकशी आधी करावी, हक्कसोडपत्राची रीतसर नोंदणी करावी आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा. हे काम भाषणाहून कंटाळवाणे आहे, पण जयंतीच्या दिवशी घातलेल्या हारापेक्षा ते अधिक काळ टिकेल.

आईचे नाव आता सातबाऱ्यावर लागणे नाही. ती वेळ आम्ही दवडली. वहिनीच्या बाबतीत ती चूक आमच्याकडून होणार नाही.

जय भीम!